जुन्या डोळ्याची साक्ष

आधी त्या चष्मा काढायच्या, पदराच्या टोकात गुंडाळायच्या आणि मग भट्टीच्या दारातल्या बोटभर झरोक्यासमोर हातभर अंतर ठेवून वाकायच्या. शेजारच्या मीटरवर लाल आकडे झळकत असत. तिकडे त्यांचं लक्ष नसे. "आधी रंग बगायचा," त्या म्हणत. "आकडा काय, मागून येतोच."

आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, ज्याचं पद नेमकं सांगता येत नाही, पण ते रजेवर गेलं की सगळ्यांचे हात अडखळतात. कागदोपत्री त्या आमच्या प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस होत्या. त्याआधी वीस-बावीस वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या चिमण्या, म्हणजे इन्सुलेटर, भाजल्या होत्या. कारखाना बंद पडला आणि त्या उस्मानपुऱ्यातून शेअर रिक्षाने आमच्याकडे यायला लागल्या. माझ्या गाईड सरांसमोर मला मॅडम म्हणायच्या, एरवी पोरी.

मी तिथं पीएचडी करत होते. काम सांगायला सोपं होतं. तापलेल्या वाफेत वीज सोडायची आणि तिच्यातला हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळे करायचे. आठशे अंशांच्या आचेत हे केलं तर वीज कमी लागते, पण त्या आचेत साधा धातू तग धरत नाही. म्हणून आम्ही रुपयाएवढी सिरॅमिकची चकती घ्यायचो, तिच्या दोन्ही बाजूंना काळपट लेप द्यायचो आणि भट्टीत भाजायचो. तो लेप म्हणजे इलेक्ट्रोड. ज्या बाजूने प्राणवायू बाहेर पडतो, त्या बाजूचा लेप आठवड्याभरात पापुद्र्यासारखा सुटून यायचा. अडीच वर्षं मी पापुद्रेच गोळा करत होते.

दुपारी भट्टी चढत असताना त्या खोलीत एक ऊबदार गुंगी असे. मावशी स्टुलावर बसून झरोक्याकडे बघत असत. "काय दिसतंय?" मी विचारायची. "आत्ता तांबडं फुटलंय," त्या हलक्या आवाजात सांगत. "आता गाव दिसायला लागलं. भिंती हायेत, पर सावली नाय कुणाची." मीही बघायची. मला फक्त नारिंगी भोक दिसे.

संक्रांतीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. परत आल्या त्या लहान मुलीसारख्या हरखून. "शहागंजात बांगड्या घ्यायला गेले व्हते. इतका निळा रंग असतोय व्हय जगात? मला वाटलं, दुकानदारानं पाण्यात भिजवून ठिवलाय."

त्याच सुमारास आमचं नशीब उघडलं. एका चकतीचा लेप सुटला नाही. आठवडा झाला, महिना झाला, लेप जागेवर. चकतीतून निघालेला हायड्रोजन पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे सोडत जायचा. मावशी जेवणाचा डबा घेऊन त्या बाटलीसमोर बसत. "वाफेचं काय काय व्हतंय," म्हणत आणि घास हातात तसाच राहत असे. मी शोधनिबंध लिहिला, भाजण्याचं तापमान अकराशे अंश असं नोंदवलं आणि एका नियतकालिकाकडे पाठवून दिला. माझी फेलोशिप संपत आली होती. तो निबंध छापून आला तर पुढची वाट होती.

दोन महिन्यांनी मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हात पदराला पुसत होत्या.

"पोरी, एक सांगायचं हाय. ऑपरेशन झाल्यापून भट्टीचा रंग मला पांढरट दिसतोय. मला वाटलं, नवा डोळा हाय, सगळंच उजळ दाखवतोय. म्हणून गप बसले."

"मग?"

"आज नवा डोळा झाकला. नुसत्या जुन्या डोळ्यानं बगितलं. त्याला बी पांढरट दिसतंय. जुना डोळा कशाला खोटं बोलंल? मीटर खोटं बोलतंय."

मी हसले नाही. नवं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, आणून जुन्याच्या शेजारी सोडलं. भट्टी पन्नास अंशांनी जास्त तापत होती. कधीपासून, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी लिहिलेला आकडा खोटा होता.

दोन दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. मावशी चहा आणून ठेवायच्या, कप उचलायच्या, विचारायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. आकडा चुकल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "निबंध परत मागव." तो मागवला.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. वरून पत्र आलं. भट्टीची देखरेख मावशींकडे, रोजच्या वहीत सह्या मावशींच्या, म्हणून खुलासाही मावशींकडे मागितला. खरं तर दर सहा महिन्यांनी ती तार तपासून घेणं माझं काम होतं. मी दोन वेळा ते टाळलं होतं. हे मला माहीत होतं, आणि मी समजत होते की फक्त मलाच माहीत आहे. मावशींनी ते इंग्रजी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, "चूक झाली" एवढंच माझ्याकडून लिहून घेतलं आणि खाली सही केली. पेन माझंच होतं. जूनमध्ये त्यांचं कंत्राट संपलं, ते पुढे वाढलं नाही.

पुढे मी सगळ्या चकत्या नव्याने केल्या. खऱ्या अकराशेला लेप सुटायचा, खऱ्या साडेअकराशेला धरून राहायचा. ते पन्नास अंशच आम्ही अडीच वर्षं शोधत होतो. प्रबंध पूर्ण झाला. त्यात मी आकडा कसा चुकला, तार तपासायचं कुणी टाळलं आणि रंग कुणी ओळखला, हे सगळं लिहिलं. लिहिताना सोपं गेलं, कारण तेव्हा माझं काही जाणार नव्हतं.

तो प्रबंध घेऊन मी वेरूळला गेले. मावशी आता माहेरी, भावाकडे राहत होत्या. थंडीतली दुपार होती. अंगणात गोधडी टाकून त्या उन्हात बसल्या होत्या. मी ते पान काढलं आणि त्यांना मराठीत सांगत गेले. तार तपासायचं टाळलं, त्या ओळीवर मी बोट ठेवलं.

"मला ठावं व्हतं की," मावशी म्हणाल्या. "तपासायच्या तारखा वहीच्या पुठ्ठ्यावर तुझ्याच अक्षरात व्हत्या. दोन तारखांपुढं बरोबरची खूण नव्हती."

"मग तेव्हा बोललात का नाही?"

"तू बोलशील म्हणून वाट बघितली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी माझ्या हातातला प्रबंध घेतला, मांडीवर ठेवला आणि पानांवरून तळवा फिरवत राहिल्या, जणू त्यातला मजकूर तळव्यालाच कळत होता. "आता बोललीस ना. लई झालं."

रस्त्यावरून पर्यटकांच्या बस जात होत्या, धूळ उठत होती आणि उन्हातच विरत होती. मावशी भावाच्या शेतातल्या हरभऱ्याबद्दल काहीतरी सांगायला लागल्या आणि सांगता सांगता मध्येच थांबल्या. बघते तर त्यांना झोप लागली होती.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. मावशी गेल्या. मला त्यांची आठवण येते ती त्याच दुपारची. ऊन थेट तोंडावर आलं होतं, मिटलेल्या पापण्यांतून लाली दिसत होती आणि पोटाशी टेकलेला प्रबंध श्वासाबरोबर हलका वर-खाली होत होता. माझी परतीची बस कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. माझी एकुलती प्रत होती ती; काढून घेतली तर त्या जाग्या होतील, म्हणून मी उठले नाही. बस निघून गेली.