चन्नक्काचं ‘तुमी’

“सोड ते सूत! सोड म्हणते न्हवं, मुडद्या!”

चन्नक्काचा आवाज भवानी पेठेतून निघाला की थेट गिरणीपर्यंत जायचा. तो आवाज म्हणजे भोंगाच असं समजून पाळी सुटायच्या आधी घरी निघालेले कामगार मी स्वतः पाहिले आहेत. त्या सकाळी आम्ही तिच्या खानावळीतले जेवणारे हातातली भाकरी हातातच ठेवून अंगणात धावलो. शेजारचा विणकर व्यंकय्या उकिडवा बसला होता आणि त्याच्या बोटाला लाल सुताचं एक टोक गुंडाळलेलं होतं. दुसरं टोक हुलीच्या पोटात होतं. मधलं वीतभर सूत कुत्र्याच्या ओठावरून विड्याच्या पिंकेसारखं लोंबत होतं, आणि हुली स्वतः, आपल्याभोवती एवढी माणसं कशासाठी जमली आहेत या आनंदात, शेपूट हलवत होता.

झालं होतं ते असं. व्यंकय्याच्या बायकोने पुरणपोळी खाऊन तुपाच्या हातानेच कांडी भरली. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायची बोटभर बोरूची नळी, तिच्यावर सूत गुंडाळलेलं. तुपाच्या वासाने हुलीने ती उचलली आणि न चावता गिळली. व्यंकय्या रडकुंडीला येऊन सांगत होता की हे काठाचं सूत आहे, आजच माग लावलाय, आणि टोक हातात आहे तोवर हळूहळू उलगडून घेतलं तर कुणाचंच नुकसान नाही. जणू हुली हा एक जरासा मोठा रहाटच.

“तुजी कांडी गेली, माजं काळीज चाललंय,” अक्का म्हणाली. “सूत सोड.”

व्यंकय्याने सूत सोडलं. अक्काच्या हातात तेव्हा उलथनं होतं.

ज्यांनी चन्नक्काला पाहिलं नाही त्यांना ती कशी सांगावी? दारातून येताना तिला आडवं व्हावं लागे, आणि ती चुलीपुढे बसली की चूल दिसेनाशी होई. मूळची अक्कलकोटकडची, घरात कानडी, दारात मराठी. नवरा गावाकडे जमीन बघायचा आणि ही सोलापुरात आम्हां गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. मी गिरणीत कारकून होतो, म्हणून ती मला ‘कारकुना’ म्हणे. ती सगळ्यांना एकेरीच हाक मारी. गिरणीतला मुकादम, म्हणजे जॉबर असो, हेड जॉबर असो, ताट पुढे आलं की “जेव रे” एवढंच. एकदा एक मामलेदार चुकून आमच्या पंगतीला बसले. त्यांनाही “भाकरी टाकू नको, पोरा” असं ऐकावं लागलं आणि ते बिचारे ताट चाटून उठले. मी तिच्याकडे जेवू लागल्यापासून तिच्या तोंडून ‘तुमी’ हा शब्द ऐकला होता तो फक्त सिद्धेश्वराच्या देवळात, आणि तोही देवाला.

तिची शेंगाची चटणी हा निराळाच विषय आहे. ती चटणी उखळात कुटायला लागली की समोरच्या घरातले लोक शिंकत. नवा जेवणारा पहिला घास घेऊन वर बघायचा, मग पाण्याकडे बघायचा, मग आपल्या आईवडलांची नावं आठवायचा. पण चार दिवसांत त्याला तिच्याशिवाय भाकरी गोड लागत नसे.

आणि हा हुली. कानडीत हुली म्हणजे वाघ. मराठीत हूल म्हणजे नुसतंच भेडसावणं. आमचा हुली मराठीतला होता. वासराएवढं धूड, आवाज तोफेचा, पण पाल दिसली की अक्काच्या पदराखाली. एकदा रात्रीचा चोर आला तर हुलीने त्याचे हात एवढे चाटले की त्या माणसाला लाज वाटली आणि तो खिडकीतला तांब्याही न घेता गेला. अक्काला मात्र तो तिने अंगावर वाढवलेला जीव होता. डोळे उघडले नव्हते तेव्हा कुणीतरी पोत्यात घालून टाकलेला. चुलीजवळ फडक्यात ठेवून, कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलेला.

सूत लोंबत होतं, आणि आता डॉक्टर कोणता आणायचा हा प्रश्न होता. आमच्या पंगतीत या विषयाचे जाणकार पुष्कळ निघाले. त्यातून तीन नावं ठरली, आणि अक्काने तिघांनाही निरोप धाडला. “जनावराला सांगता येत न्हाय, ह्यो डाक्टर खरा का खोटा,” ती म्हणाली. “त्याच्या वाटचं आपुनच बघाया पायजे.” आणि ती बघण्याची तिची रीत म्हणजे, हुलीला हात लावायच्या आधी जो येईल त्याने तिच्याकडची चटणीभाकरी खायची.

मी तिला सुचवून बघितलं की कुत्रं मरणाच्या दारात आहे आणि ही सोयरीक बघायची वेळ नाही. ती म्हणाली, “कारकुना, वर बघायला आपुन दोन घटका लावतो, आन त्यो नुसता लेकीला नांदवनार. ह्यो तर पोटात हात घालनार हाय की.”

पहिले आले ते टांग्याच्या अड्ड्यावरचे वस्ताद. लढाईत पलटणीच्या घोड्यांची दुखणी काढलेला हा सालोत्री. घोड्याच्या कानात तो काय सांगायचा देव जाणे, पण अडून बसलेला घोडा त्याच्या मागे लग्नातल्या करवल्यासारखा चालत जाई. मनाने राजा माणूस. वस्तादांनी मूठभर चटणी एका घासात तोंडात टाकली. त्यांच्या मिशा प्रथम ताठ झाल्या, मग ओल्या झाल्या. डोळ्यांतून पाण्याच्या दोन धारा लागल्या.

“कैसा हाय?” अक्काने विचारलं.

“हलवा है, अक्का,” वस्ताद घोगऱ्या आवाजात म्हणाले. “एकदम हलवा.”

अक्काने मान डोलवली, त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, वर घट्ट दही वाढलं, आणि हुलीला आत नेऊन बांधलं. वस्ताद म्हणाले, सुताला चाबकाची दोरी बांधून एक झटका दिला की झालं. अक्का म्हणाली, जेव आणि जा. ते गेल्यावर आम्हाला म्हणाली, “चांगला हाय त्यो. पर ज्याला सोताचं तोंड पोळलेलं सांगवत न्हाय, त्यो माज्या कुत्र्याचं काय सांगनार?”

दुसरे रेल्वे लाइन्सचे डॉक्टर. साहेबांच्या कुत्र्यांना नाडी बघूनच भुंकू देणारे. टांगा पेठेत शिरला तेव्हाच त्यांनी रुमाल नाकाला लावला होता. त्यांनी चटणीकडे बघितलं आणि आत्ताच ब्रेकफास्ट झाला म्हणून सांगितलं. मग हुलीकडे दुरून बघून विचारलं, “ब्रीड काय?”

अक्का माझ्याकडे बघू लागली. मी सांगितलं, जात विचारतायत.

“भवानी पेठ,” अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी घराकडे, चुलीकडे आणि अक्काच्या हातातल्या पाटल्यांकडे नजर टाकली आणि पोट फाडावं लागेल असं सांगून एक आकडा बोलले. त्या आकड्यात जातं, तवा आणि वर आम्ही सगळे जेवणारे विकले असते तरी हुलीचं फक्त शेपूट बरं झालं असतं. अक्काने शांतपणे त्यांना टांग्यापर्यंत पोचवलं. परत येऊन म्हणाली, “आदी पाटल्या बघितल्या, मग कुत्रं. उलटं बघितलं असतं तर पाटल्या बी दिल्या असत्या.” आणि खरंच दिल्या असत्या, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र भाजीत मीठ नव्हतं आणि तसं सांगायची कुणाची छाती झाली नाही. अक्काने स्वतः सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं.

तिसरा ऊन उतरल्यावर सायकलवरून आला. लोकलबोर्डाच्या दवाखान्यातला नवा पोरगेला डॉक्टर, जेऊरकडचा. लोक त्याला ‘ढोर डॉक्टर’ म्हणत आणि तो ते ऐकून सायकलची घंटा वाजवी. एकटाच राहायचा, स्वतःच्या हातचं खायचा, आणि ते खाल्ल्यामुळे सायकलीच्या दांडीएवढाच जाड होता. अक्काने ताट पुढे केलं. भाकरी बघून त्याचे डोळे लकाकले. त्याने मोठा घास घेतला.

आम्ही सगळे बघत होतो. त्याचे कान लाल झाले, मग मान. त्याने तांब्या उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. शेजारच्या ताटावरचा तांब्याही रिकामा केला. मग तोंड उघडं ठेवून थोडा वेळ नुसता वारा घेतला.

“अक्का,” तो म्हणाला, “हे जेवण न्हाय. ही शिक्षा हाय.”

अक्काने हातातलं उलथनं खाली ठेवलं.

“तुमी बसा,” अक्का म्हणाली. “मी दही आनते.”

माझ्या शेजारच्या जॉबरच्या हातातला द्रोण खाली पडला. देवळाबाहेर, अक्काच्या तोंडून, ‘तुमी’! व्यंकय्याने तर डॉक्टरला नमस्कारच केला.

डॉक्टरने हुलीचं तोंड उघडलं, जीभ उचलून सूत कुठे अडकलं आहे का ते बघितलं, पोट चाचपलं, आणि ओठाबाहेरचं सूत कात्रीने कापून टाकलं. व्यंकय्या हळहळला. डॉक्टर म्हणाला, ओढलं असतं तर आतडं गोळा झालं असतं. मग अक्काकडे वळून म्हणाला, “आत काय होईल ते मला सांगता येत न्हाय. कांडी खाली सरकली तर जगला. न्हाय सरकली, वांत्या सुरू झाल्या, तर चिरावं लागंल. त्यात बी खात्री न्हाय. ज्वारीच्या कण्या शिजवून तूप घालून चारा, आन वाट बघा.”

“वाट बघते,” अक्का म्हणाली.

मग त्याने जरा चाचरत सांगितलं की बोर्डाचा नियम आहे, शेतीच्या जनावराला औषध फुकट, कुत्रं म्हणजे शौक, शौकाला फी. अक्काने त्याला कोपऱ्यातला मातीचा डेरा दाखवला. कंबरेएवढा डेरा, तोंडाशी फडकं बांधलेलं. हा कशाचा, ते आम्हालाही त्या दिवशीच कळलं. हुली घरात आला त्या दिवसापासून, दळायला बसताना ती एक मूठ ज्वारी बाजूला टाकायची. “मानूस दुखन्यात पडला तर चार लोक येतात,” ती म्हणाली. “कुत्र्याच्या दुखन्याला कोन येनार? म्हनून त्याचं त्यानं आधीच साठवलं.” साठवलं अक्काने, पण ती म्हणे, हुलीने.

त्यातली पायलीभर ज्वारी बाजारात जाऊन बोर्डाची फी भागली. उरलेल्या डेऱ्याकडे डॉक्टरने एवढ्या भक्तीने पाहिलं की अक्काने तिथेच ठरवून टाकलं. तो रोज संध्याकाळी येऊन हुलीला बघेल आणि त्याची भाकरी हुलीच्या डेऱ्यातून होईल. सबंध हिंदुस्थानात कुत्र्याने पोसलेला डॉक्टर तो एकच. बदली होऊन गेला तेव्हा त्याला सायकलवर बसवताना सायकल वाकली होती.

पण ते नंतरचं. तूर्त आम्ही वाट बघत होतो. त्या काळात खानावळीत दुसरा विषय नव्हता. पाळीवरून येणारा माणूस पायरीवरूनच विचारी, “झालं का?” आणि आतून उत्तर येई, “न्हाय अजून.” हुली मागच्या बोळाकडे निघाला की आम्ही ताटावरून उठून वरातीसारखे त्याच्या मागे. एवढ्या लोकांसमोर त्या भिडस्त जनावराला काही सुचेना. तो परत येई आणि आम्हीही परत येत असू. अखेर अक्काने सगळ्यांना हाकललं आणि एकट्या व्यंकय्याला राखणीला ठेवलं, कारण कांडी त्याची होती. ती स्वतः हुलीला कण्या भरवायची आणि त्याच्या पोटावरून हात फिरवत कानडीत काहीतरी पुटपुटायची. स्वतः चार घास खात नव्हती. मी म्हटलं, अक्का, खा थोडं. ती म्हणाली, “त्याच्या पोटात जागा होऊ दे, मग माज्या.”

एका सकाळी व्यंकय्या बोळातून ओरडत आला. आधी तेलुगूत, मग मराठीत, मग नुसताच. हुली त्याच्या पुढे उड्या मारत होता. कांडी उतरली होती. अक्का मटकन खाली बसली, आणि खोटं सांगत नाही, रस्त्यापलीकडच्या मागावरचा धोटा आपोआप पलीकडे गेला. मग तिने परात ओढली, चार भाकऱ्या आणि चटणी घेऊन बसली आणि खाता खाता रडली. चटणीने, असं म्हणाली.

हुली पुढे भरपूर जगला. अक्का थकल्यावर गावी निघाली तेव्हा स्टेशनवर आम्ही जुने जेवणारे पोचवायला गेलो होतो. तिच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं, व्यंकय्याने विणून दिलेलं, बारीक लाल काठाचं. दर वर्षी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला ती तेच नेसायची. आम्हाला लग्न करा, भाकरी टाकू नका, आणि डॉक्टर बघायचा असेल तर चटणी घेऊन जा, असं बजावून ती डब्यात चढली. चढताना मला म्हणाली, “येते, कारकुना. तुमी जपून ऱ्हावा.” मी बराच वेळ मागे वळून बघत होतो, हे ‘तुमी’ दुसऱ्या कुणाला म्हणाली असेल म्हणून.

गाडी सुटली. काठाचा लाल रंग खिडकीतून दिसेनासा झाला तेव्हा इतकी वर्षं मनात ठेवलेली शंका मी व्यंकय्याला विचारली. म्हटलं, हे सूत त्याच कांडीचं ना? अरे, हुलीच्या पोटातून फिरून आलेलं सूत तू अक्काच्या लुगड्याला घातलंस?

“धुतलं की,” व्यंकय्या म्हणाला. “रंग न्हाय गेला.”