मावशीची एकुलती एक पगारी सुट्टी

आज पहाटे शांतामावशी गेली. जन्मात तिला एकदाच पगारी सुट्टी मिळाली होती, आणि ती मी खोटं बोलून दिली होती.

सकाळपासून आमच्या शेठजींनी तिचा फोटो स्टेटसला ठेवलाय. आधार कार्डावरचाच, मागं ढग लावून. खाली लिहिलंय, ‘आमच्या परिवारातील ज्येष्ठ सदस्य’.

किळस आली.

आधी त्या स्टेटसची, मग माझी. कारण सवयीनं मी त्याला हात जोडलेला इमोजी टाकून मोकळा झालो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये मी ऑफिसात आहे. आमच्या कापसाच्या गाठी सूतगिरणीला जातात, आणि पुढं त्याचं कापड होऊन युरोपात.

मावशी कापसातला कचरा वेचायच्या शेडमध्ये होती. दिवसभर नाकातोंडात धूळ, आडोशाला फक्त पदर. सारखी खोकायची. शेडमधल्या निम्म्या बाया खोकायच्या.

मागच्या हंगामात युरोपातल्या खरेदीदाराचं पत्र आलं. त्यांच्याकडचे कायदे कडक व्हायलेत म्हणे. आजारी कामगाराला पगारी रजा, धुळीपासून संरक्षण. आणि हे फक्त त्यांच्या देशात नाही, माल जिथून येतो तिथंही तपासायचं. त्यासाठी एक मॅडम येणार होत्या.

पत्राचं मराठी मीच करून दिलं. वाचताना खरंच बरं वाटलं होतं.

धाकट्या शेठनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “खोकणाऱ्या बाया त्या दिवशी नकोत. यादी कर.”

मी केली.

परभणीहून बी.एस्सी. करून आलेला माणूस मी. शेडच्या दारात पेन घेऊन उभा राहिलो आणि जी खोकली तिचं नाव लिहीत गेलो.

मावशीनं विचारलं, “आमचंच नाव कामून लिव्हायलाव दादा?”

खरं सांगायची लाज वाटली. मग पत्रातलंच सांगून टाकलं. “युरोपातला नियम आलाय मावशी. खोकला असेल तर घरी बसायचं. हजेरी भरणार.”

“काम न करता?”

“हो.”

“कुठं हाय म्हनं ते?”

“लय लांब.”

ती शेजारणीकडं वळली. “बघ गं. इतक्या लांबची मानसं, अन् आपल्या खोकल्याची काळजी करायलेत.”

मॅडम आल्या त्या दिवशी शेडमध्ये फक्त न खोकणाऱ्या बाया होत्या, तोंडाला नवे कोरे मास्क लावून. ते कसे बांधायचे हे सकाळी शिकवलं होतं.

मॅडम चांगल्या होत्या, हेच जास्त टोचतं. चहा घेताना सांगत होत्या, त्यांच्या देशात ठेकेदाराकडच्या कामगारांनाही आजारपणाची रजा मिळावी म्हणून त्या स्वतः मोर्चात चालल्या होत्या. मग त्यांनी मला विचारलं, इथं कुणाला खोकल्याचा त्रास आहे का.

मी “नो मॅडम” म्हणालो.

संध्याकाळी मास्क गोळा करून पोत्यात भरले. रिपोर्ट ‘एक्सलंट’ आला. शेठजींनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

तिकडं मावशीनं विहारात, नळावर, सगळ्या वस्तीत तो नियम सांगून टाकला होता.

थंडीत तिचा दम वाढला. आठ दिवस ती घरी पडून राहिली, अगदी निर्धास्त. नवव्या दिवशी कामावर आली तर मुकादमानं तिच्या जागी दुसरी बाई लावलेली.

ती ऑफिसात आली. चिडलेली अजिबात नव्हती.

“मुकादमाला नियम ठाव न्हाई वाटतं. तुमी सांगा बरं त्याला.”

आत केबिनमध्ये धाकटे शेठ बसले होते. मी आवाज खाली करून म्हणालो, “मावशी, तो नियम त्या एका दिवसापुरताच होता.”

“ती बाई येनार हुती म्हनून?”

मी मान हलवली.

तिनं दाराची चौकट धरली.

“मंग तवाच सांगायचं की दादा. मी आठ दिवस पडून नसते ऱ्हायले.”

जाता जाता परत वळली. “वस्तीत सगळ्याईला मीच सांगून बसलेय. आता कुनाजवळ बोलू नका. मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई.”

खोटं बोललो मी, आणि लाज तिला वाटत होती.

मुकादमाच्या हातापाया पडून ती परत शेडमध्ये लागली. त्याच धुळीत, तोच पदर तोंडाला. मास्कचं पोतं माझ्या टेबलामागच्या कपाटात होतं. मी एक मास्कसुद्धा काढून दिला नाही. कुणी अडवलं नव्हतं, नुसतं भ्यालो.

परवा तिला परभणीला दवाखान्यात हलवलं. आज संपली.

दुपारी मातीला गेलो होतो. तिची सून पण आमच्याच शेडमध्ये आहे. सगळे पांगल्यावर ती बाजूला आली आणि हळूच म्हणाली,

“दादा, सासू गेल्यावर किती दिवसाची रजा बसती हो त्या नियमात?”

मावशीनं घरात सुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. यादी, मॅडम, माझं खोटं, सगळं. ती ऐकत होती आणि मधूनमधून खोकत होती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“मंग उद्या यावं लागंल,” एवढंच म्हणाली, आणि घराकडं निघाली.

मॅडमना मेल लिहून ठेवलाय. तो गेला की माझी नोकरी जाणार, म्हणून हात अडतोय. म्हणूनच आधी इथं लिहिलं. आता मागं फिरलो तर तुम्ही सगळे बघणार.

मावशी, माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

तुला शेवटचा जय भीम.