वाटीतली मुंगी

लेक दीड महिन्याची असताना अंगावर प्यायला कुरकुरू लागली. तोंडात घ्यायची आणि लगेच सोडून किंचाळायची. जिभेवर, गालांच्या आतून पांढरं साचलं होतं. आम्ही ते दूधच समजलो. ओल्या फडक्यानं पुसलं तर निघेना, जोर केला तर रक्त आलं. पाजताना माझीही आग आग व्हायची, पण ते सांगायची लाज वाटायची.

माझ्या बाळंतपणासाठी आई तिच्या गावाहून, कुहीहून, शहराजवळ बेसाला आमच्याकडे आली होती. तिनं माझं थोडं दूध वाटीत काढायला लावलं आणि त्यात एक मुंगी सोडली. मुंगी तडफडली, मेली.

"तुयं दूध बाधून राहिलं वं तिले. पाजू नको."

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी अक्कल गहाण ठेवून चार दिवस लेकीला पिशवीचं दूध पाजलं. ती आणखीच सुकली.

शेवटी तिला शहरात, सदरला, डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तोंडात बघितलं. "दूध नाही, बुरशी आहे ही. औषधानं जाईल." तिथेच लेकीच्या तोंडात थेंब घातले. मग मला विचारलं, "तुम्हाला दुखतं का?" मला रडूच कोसळलं. त्यांनी मलाही मलम दिलं. पाजणं थांबवू नका, म्हणाल्या.

घरी येताच मी रागारागानं पिशवीचं दूध वाटीत ओतलं आणि आईसमोर त्यात मुंगी सोडली. तीही मेली.

"आता सांग, हे पण बाधलं का?"

आई वाटीकडे बघत राहिली. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती आणि ती राहिली नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

"तिच्या तोंडातबी असंच पांढरं होतं," आई म्हणाली. "माह्या सासूनं मुंगी टाकली. मी पाजणं बंद केलं. मले पान्हा फुटे वं. ती घरात रडे, अन् मी आंगणात जाऊन पिळून फेको."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मुंगी टाकायला नको होती, असं वाटलं. पण टाकून झाली होती.

लेक रडायला लागली. आईनं तिला उचलून माझ्या मांडीवर दिलं.

"पाज."

लेक दोन घोट घेऊन थांबायची, कण्हायची, पुन्हा घ्यायची. आई समोर बसून तिचा एकेक घोट मोजत होती.