सॅक्सन आले तो तास
वाळत्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला की अठ्ठ्याहत्तर सालचा बी.ए.चा इतिहासाचा तास आठवतो. बाहेर हायवेवर ट्रक धडधडत होते आणि सॅक्सन टोळ्यांनी ब्रिटनमध्ये शिरून तिथल्या मूळच्या ब्रिटन लोकांना कसं हुसकावलं, हे सरांना नाटक करून दाखवायचं होतं. "तुमच्या गावात सर्वांत आधीचे कोण?" त्यांनी विचारलं. मी माझ्याच गावच्या गोंड मुलीकडे बोट दाखवलं. "हिचे लोक, सर. तलाव आमच्या पूर्वजांनी येऊन बांधला, पण त्याच्या पाळीवर, बांधावर, पहिली पूजा अजून हिच्या बापाचीच राहते." "मग तू ब्रिटन, आम्ही सॅक्सन. हो बाहेर!" सर तिला म्हणाले. वर्ग खिदळला. पदराच्या गाठीतली मोहफुलं मुठीत धरून ती म्हणाली, "मी काहून जाऊ, सर? आमी त पयलेपासून इथंच आहो." "म्हणूनच," सर म्हणाले. तिची वही मीच दाराबाहेर भिरकावली. वही उचलून ती गेली, ती पुन्हा कॉलेजात आलीच नाही. परीक्षेत प्रश्न आला, मूळच्या ब्रिटन लोकांचं काय झालं? 'ते हळूहळू नव्या लोकांत मिसळून गेले,' असं लिहून मी वर्गात पहिला आलो. पुढे मीही इतिहासच शिकवला, आणि निवृत्त होईपर्यंत हेच उत्तर फळ्यावर लिहून देत राहिलो.