नाईकाची निळी गोळी

साखऱ्याकडच्या एका बंजारा तांड्याचा नाईक, म्हणजे मुखिया, फुलसिंग. त्याची निम्मी सत्ता मिशीवर चालायची. नवरा-बायकोचं भांडण मिटवायला लिंबाखाली बैठक भरली की त्याला भलताच चेव चढायचा. खेमाची बायको माहेरी निघून गेली, तेव्हा भरल्या बैठकीत त्यानं विचारलं होतं, "खेमा, खरं बोल. मर्द हायेस का न्हाई?" तांडा खदाखदा हसला. बायको दुसरीकडं नांदायला गेली. खेमानं जीप घेतली आणि नाईकाशी बोलणं टाकलं.

साठी उलटली तसं नाईकाचं हृदय कुरकुरायला लागलं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायला सेनगावच्या डॉक्टरनं बारक्या गोळ्या दिल्या. पण नाईकाकडं आलेला माणूस रिकाम्या हातानं जाणार कसा? कुणाला करपट ढेकर, कुणाच्या पाठीत उसण. नाईक खिशातली डबी काढायचा. "घे. दवाखान्याची हाय, बराबर काम करते." अशानं डबी संपली.

हृदयाच्या खालची कुरकुर मात्र त्यानं कुणाला सांगितली नाही. २००४च्या उन्हाळ्यात वारंगा फाट्यावर एका पानटपरीवाल्यानं ट्रकवाल्यांसाठी ठेवलेली निळी गोळी त्याच्या हातावर टेकवली. कशी घ्यायची, कुणी घ्यायची नाही, हे नाईक विचारणार? विचारलं असतं तर गोळी कुणासाठी, हेही सांगावं लागलं असतं.

दिवेलागणीला त्यानं ती गिळली. सकाळी दुसऱ्याच्या संसाराचा निवाडा करता करता छाती धरून आडवा झाला.

जीप तेवढी खेमाचीच. आणि तांड्यातला आजारी माणूस काही एकटा दवाखान्यात जात नाही, त्याच्यासंगं अर्धा तांडा आजारी पडतो. पुढं थोरला भाऊ पुनमचंद, मागं बैठक जशीच्या तशी, आणि कोपऱ्यात हनुवटीपर्यंत पदर ओढलेली बायको भिकाबाई. थोरल्या दिरासमोर ती लग्नापासून एक शब्द बोललेली नव्हती. तो दारात बसला असला तर बांगड्या वाजवून वाट मागायची.

सेनगावच्या दवाखान्यात सगळी बैठक डॉक्टरच्या खोलीत घुसली.

"जिभेखालची गोळी दिली का यांना?"

"न्हाई ना. वाटून संपल्या," पुनमचंद म्हणाला.

"वाटून? प्रसाद होता का तो?" डॉक्टरनं कपाट उघडलं. "मी देतो. पण आधी खरं सांगा नाईक, काल-आज ताकदीची निळी गोळी घेतली होती? ती अंगात असताना ही दिली तर बीपी धाडकन कोसळतं. माणूस हातचा जातो."

दारातून खेमा पाहून राहिला होता. घामानं निथळणाऱ्या नाईकाचा हात मिशीवर गेला.

"आमाला काहून लागते असली गोळी? न्हाई घेतली."

डॉक्टरनं गोळी काढली. नाईकानं तोंड उघडलं. खेमासमोर कबूल करण्यापेक्षा मेलेलं बरं, असा त्याचा हिशोब.

तेवढ्यात पदराआडून असा आवाज फुटला की पुनमचंद दचकून भिंतीला टेकला.

"घेतली! काल दिवेलागणीला, मह्या डोळ्यासमोर. डाक्टरसाब, देऊ नका. आन् तिचा गुण तर काहीच आला न्हाई!"

डॉक्टरचा हात जागीच थांबला. त्यानं गोळीऐवजी इंजेक्शन दिलं, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि भिकाबाईला बजावलं, "तिथं पोचल्याबरोबर पहिलं हेच सांगायचं. लाजायचं नाही."

"आता काय लाजायचं राह्यलं?" ती म्हणाली.

नांदेडपर्यंत जीपमध्ये कुणी हसलं नाही. हसू आवरता आवरता बैठकीचेच डोळे भरून आले होते. खेमानं एकदा आरशातून पाहिलं. "नाईक, पाणी देऊ का?" इतक्या वर्षांनी तो एवढंच बोलला.

नाईक जगला. पावसाळ्यानंतर पुन्हा बैठक भरली. एक नवरी माहेरी निघून गेली होती, नवरदेव खाली मान घालून उभा. नाईक खाकरला. उंबऱ्यावरून भिकाबाई, पदर तस्साच, पण पुनमचंदाच्या देखत म्हणाली, "ईचारा की. समदे ऐकून राह्यले."

लिंबाला टेकलेला खेमाही ऐकत होता.

नाईकानं मिशी कुरवाळली, हात खाली घेतला.

"पोरा," तो म्हणाला, "तुला काही औषधं चालू हायेत का?"