एका सहीमागे, नांदेड ते लातूर

लेखकाच्या सहीची जुनी पुस्तकं जमवायचं वेड आमच्या घरात मला एकटीलाच. नवरा त्याला महागडी रद्दी म्हणतो. तरी नांदेडच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदारानं एका कवितासंग्रहाचा फोटो टाकला, खाली 'कवीच्या सहीसह', तेव्हा पुण्याहून रात्रीच्या गाडीचं तिकीट त्यानंच काढून दिलं.

त्या संग्रहाची सहीवाली एक प्रत माझ्याकडे होतीच. माझ्या दहावीच्या वर्षी बाबांनी ती लातूरहून आणली होती. नांदेडजवळ नायगावला आमचं कापडाचं दुकान. सणाला सुद्धा ते बंद न ठेवणारा माणूस त्या दिवशी कुलूप लावून गेला, आणि परत आल्यावर एवढंच म्हणाला, "समोर बसून सही केली बघ त्यांनी." आता बाबा नाहीत. ताडून बघायला म्हणून मी ती प्रत पिशवीत टाकली. (कवींचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर उद्या बाजारात त्यांच्या सह्यांचं पीक येईल.)

सकाळी नांदेडला उतरले तर गोदावरीवर धुकं इतकं दाट की पलीकडचा काठ आहे हे विश्वासानंच मानायचं. घाटावर बसून राहिले. पाण्यातून घंटेचा आवाज येत होता, म्हणजे तसं वाटत होतं. मग गुरुद्वाऱ्यात लंगरला बसले. गरम पोळी, डाळ, आणि कुणी काही विचारत नाही. एकटीनं फिरणाऱ्या बाईला याहून चांगली जागा सापडायची नाही.

दुकान अकराला उघडतं. मालक कदीरभाई, साठीच्या पुढचे, हळू बोलणारे. त्यांनी पुस्तक हातात दिलं आणि मी माझी भिंगं काढली. तुम्ही कधी असं पुस्तक घ्यायला गेलात तर एवढं करा: पान उजेडात तिरपं धरा, छापलेली सही सपाट दिसते. मागून बोट फिरवा, बॉलपेनचा वळ लागतो. जुन्या कागदावर शाई थोडी फुटलेली असते. आणि अक्षर दबकत दबकत काढल्यासारखं वाटलं तर पुस्तक खाली ठेवा. या सगळ्यात ते पुस्तक पास झालं. फक्त सही उर्दूत होती. माझ्या प्रतीवर गोल, सुबक मराठी अक्षरांत सही, वर माझ्यासाठी दोन ओळी. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

ही खोटी आहे, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"मॅडम, निजामाच्या शाळेत शिकलेली ती मानसं," कदीरभाई म्हणाले. "कविता मराठीत करायचे, सही उर्दूतच. अजून तीन पुस्तकं हायेत माझ्याकडं, तुम्हीच बघा."

बघितली. तिन्हींवर तोच झोका, तोच शेवटचा फटकारा. मग त्यांनी माझी प्रत बराच वेळ न्याहाळली आणि कुणी दिली म्हणून विचारलं. वडिलांनी, म्हटलं. त्यांनी ती मिटून दोन्ही हातांनी मला परत केली. कवींची मुलगी लातूरला असते, तिला दाखवा, एवढंच म्हणाले.

लातूरची एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत चारेक तास घेते. बायकांना अर्धं तिकीट. खिडकीबाहेर हरभरा, मधेच करडईची पिवळी पट्टी, परत काळं रान. एरवी अशा रस्त्यावर मला जागेपणी स्वप्नं पडतात. त्या दिवशी सारखे बाबा दिसत होते, मांडीवर पुस्तक धरून याच रस्त्यानं परत येणारे. कोणीतरी त्यांना फसवलं होतं, आणि ते किती खुशीत घरी आले होते. मला फार वाईट वाटत होतं.

लातूरला गोलाईच्या बाजाराजवळ लॉज घेतला. सकाळी गाड्यावरचा निलंगा राईस खाल्ला, झणझणीत आणि पोटभर, आणि पत्ता विचारत निघाले.

कवींची मुलगी महानंदाअक्का पंचाहत्तरीच्या, कपाळावर विभूतीची तीन बोटं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, पुस्तक उघडलं आणि सहीवरून बोट फिरवलं.

"हे अक्षर माझं हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. बाबा आले तेव्हा कवींना जाऊन वर्ष झालं होतं. ते कळल्यावर बाबा उठेचनात. पोरीला काय सांगू, पोरीला काय सांगू, एवढंच चाललेलं. शेवटी अक्कांनाच राहवलं नाही. उर्दू त्यांना येत नव्हतं, म्हणून वडिलांचं नाव मराठीत लिहिलं. असं आयुष्यात एकदाच केलं. बाबांनी जाताना त्यांच्या हातात एक खण ठेवला होता, म्हणून तो माणूस लक्षात राहिला.

"आणि वरच्या ओळी?" मी विचारलं.

"त्या मला कुठं सुचायल्यात, ताई? तुमच्या वडलांनीच सांगितल्या. मी नुसतं लिवलं."

पुस्तक त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

पुण्याला येऊन आठवडा झाला. नांदेडची प्रत मी घेतली नाही. कदीरभाईंकडे अजून आहे, सही अस्सल आहे, कुणाला हवी असेल तर खुशाल जा. आणि वर मी जे नियम सांगितले त्यात एक राहिला: ज्या नमुन्याशी ताडून बघताय तो कुठून आला, ते आधी विचारा.

माझी प्रत बाजारात कवडीमोल. त्यावरच्या ओळी अशा: 'पोरी, लिहायचं सोडू नको. तू लिहीत बसलीस की घर भरल्यागत वाटतं.' इतक्या वर्षांत मला कधी प्रश्न पडला नाही की लातूरच्या कवीला आमचं घर कसं माहीत. बाबा माझ्याशी जेवायला ये, दिवा लाव यापलीकडे फारसं बोलले नाहीत. माझं लिहिणं त्यांनी कधी बघितलं असेल असंही मला वाटलं नव्हतं. तीस वर्षं मी त्या दोन ओळींसाठी भलत्याच माणसाचे आभार मानत आले.