माह्या फाट्याचं गाणं

दारव्ह्याच्या बाजारातून आमच्याकडं येणाऱ्या जीपच्या डायवरचं नाव मले आजही माहीत नाही. जुन्या डिस्को गाण्यांच्या एका सिनेमाची कॅसेट तो रोज लावते. खांदे उडवत गाडी हाकते अन् खड्डाही तालातच घेते. मी डोळे मिटून बसतो. गाणारीनं शेवटचं "हाय हाय" केलं, की आमचा फाटा आलाच समजा. पाट्या वाचायची मले कधी गरज पडली नाही.

एका बाजाराले "हाय हाय" झालं. मी "रोक" म्हटलं अन् ऐटीत उतरलो. पाहतो तर भलताच फाटा! डायवरनं तीच गाणी पेनड्राइव्हात भरली होती अन् सारी मागंपुढं झाली होती.

जीपमधली एक बाई हसली, "बाबाजी, इथं कायले उतरले?"

"काम आहे मले."

समोर नुसती तूर उभी होती. जीप गेली, थोडी पुढं थांबली अन् उलटी मागं आली. डायवर म्हणाला, "बाबाजी, तुमी बरोबर उतरले. गाणंच चुकीच्या फाट्यावर आलं."

चूक गाण्याची होती, म्हणून मी चढलो.

पुढच्या बाजाराले पुन्हा कॅसेटच वाजून राह्यली होती. म्हटलं, "काहून रे?"

"पेनड्राइव्हले आपली गावं कुठं माहीत, बाबाजी!"